समग्रमधून नाव काढायचं आहे, कुणी काढलंय का?

सियागंजी (धागाकर्ता)
मंगळवार, ८ जुलै २०२५, रात्री ११:४०

नमस्कार. चार वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी इंदूरचा. सियागंजात किराण्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. मध्य प्रदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे समग्र नावाचं एक प्रकरण आहे. कुटुंबाचा आठ आकडी नंबर, त्याखाली प्रत्येक माणसाचा नऊ आकडी. शाळा म्हणा, रेशन म्हणा, शिष्यवृत्ती म्हणा, आधी समग्र काढा. धाकटा यंदा पाचवीत गेला. शाळेनं ई-केवायसी झालेलं समग्र मागितलं, म्हणून शनिवारी त्याला घेऊन ऑनलाइनच्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं आठ आकडे टाकले आणि पडद्यावर आम्ही चौघं आलो. माझं आधीच झालेलं, हिचंही झालेलं, धाकट्याचं अंगठा लावून तिथंच झालं. मग चौथ्या ओळीवर बोट ठेवून पोरगा म्हणाला, "अंकल, बच्ची का पेंडिंग है. कल ले आना, बस अंगूठा लगेगा."

मी म्हटलं, "हां, ले आता हूं."

पैसे दिले, स्कूटर काढली. धाकटा मागं बसला होता. त्यानं ऐकलं होतं. घर येईपर्यंत बोलला नाही, आणि जिन्यात म्हणाला, "बाबा, तुम्ही खोटं का बोललात?"

बकुळ २२ मार्च २०२२ ला गेली. साडेअकरा वर्षांची होती. रक्ताचा कॅन्सर, मुलांना जो जास्त करून होतो तोच. २०१९ च्या डिसेंबरात कळलं, आणि दोन दिवसांत आम्ही अवंतिका एक्सप्रेसनं मुंबईला, परळच्या टाटात. डॉक्टर म्हणाले, यात बहुतेक मुलं बरी होतात. खरंच होतात, मी डोळ्यांनी पाहिली आहेत. मी हिशेबाचा माणूस, 'बहुतेक' म्हटल्यावर उरलेल्यांचा आकडा विचारायला हवा होता. विचारला नाही.

आता मूळ प्रश्न. समग्रमधून गेलेल्या माणसाचं नाव काढायला काय काय लागतं? आणि दुसरं, तिचं नाव त्यात 'बकुल' पडलं आहे. हिंदीत ळ लिहीत नाहीत, तुम्हाला ठाऊकच आहे. २०१९ ला मी दुरुस्तीसाठी विचारून आलो होतो, मग ते राहिलंच. तर आधी दुरुस्ती करून मग काढता येतं का? वेड्यासारखा प्रश्न आहे, कळतंय मला.

---

नुसता_वाचक
बुधवार, ९ जुलै

वाचलं. काय लिहावं सुचत नाही. प्रक्रिया माहीत असलेले लिहितीलच. धागा वर राहावा म्हणून हा प्रतिसाद.

---

राजेंद्रनगरवाली
बुधवार, ९ जुलै

दादा, मी दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांचं काढलं. मृत्यूचा दाखला, समग्रचा प्रिंट, तुमचं आधार आणि साधा अर्ज, एवढं घेऊन आपल्या झोनच्या ऑफिसात गेले होते. दाखल्याच्या दोनतीन झेरॉक्स जास्तीच्या ठेवा. दाखल्यावरचं आणि समग्रमधलं नाव जुळायला पाहिजे. नाही जुळलं तर मग आधी दुरुस्ती, मग हे, असा दुहेरी फेरा.

एक सांगू? वहिनींना बरोबर नेऊ नका. किंवा नेऊन दाराशी बसवू तरी नका. सासरे ऐंशीचे होऊन गेले होते, तरी तो बाबू जोरात नाव पुकारून "कौन मरा है इसमें" म्हणाला तेव्हा मला काही सुचेना. त्याचं चुकलं असं नाही, दिवसभर तेच काम. पण लेकराच्या बाबतीत तसं ऐकणं...

मी जवळच राहते. हवं तर आमचे हे येतील तुमच्याबरोबर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

कोथरूडचा_भाऊ
बुधवार, ९ जुलै

आमच्याकडे रेशनकार्डाच्या अर्जावर 'नाव कमी करणे' असतं. आईच्या वेळी तो शब्द वाचून थबकलो होतो. तुमच्याकडे काय लिहितात?

---

सियागंजी
बुधवार, ९ जुलै, रात्री

राजेंद्रनगरवाली ताई, आभार. यादी उतरवून घेतली.

भाऊ, इकडे 'हटाएं' असतं. तुमचा शब्द बरा. कमी तर आहेच.

ळ चं थोडं सांगतो, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी मला सांगायचंय. नाव माझ्या आईनं ठेवलं. शाळेत वहीच्या लेबलवर बाई 'बकुल' लिहायच्या आणि ही घरी येऊन पेनानं त्या ल चा ळ करायची. आधी ल ला खालून एक गाठ मारायची, मग दुसरी. दिसायला ते धड ळ नसायचं, पतंगाच्या शेपटीसारखं काहीतरी व्हायचं. बाईंनी तीनदा लाल शाईनं खोडलं. चौथ्यांदा सोडून दिलं. टाटाच्या ओपीडीत एका मराठी सिस्टरनी फाइलवर नाव लिहिलं, हिनं ते उलटं वाचलं आणि म्हणाली, "बाबा, इथं बरोबर लिहितात." मुंबईबद्दल तिचं पहिलं मत हे होतं.

---

शांतिपथ
गुरुवार, १० जुलै

कठोर वाटेल, पण तीन वर्षं झाली. इतकं धरून ठेवलं तर मुलीचा जीव अडकून राहतो. जितके अश्रू गाळाल तितका तिला त्रास. शक्य असेल तर एखादं नारायण नागबळी करून घ्या, आणि धाकट्याकडे लक्ष द्या. देव एक नेतो तर एक ठेवतो.

---

मिसळ_बिनपावाची
गुरुवार, १० जुलै

वरचा प्रतिसाद ज्यानं लिहिला त्यानं कधी कुणाच्या घरी सांत्वनाला जाऊ नये, एवढी विनंती.

---

ॲडमिन
गुरुवार, १० जुलै

यावरचे पुढचे नऊ प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. विषयावर राहा.

---

नर्मदेहर
गुरुवार, १० जुलै

धागाकर्ते इंदूरचे आहेत म्हणून आठवण करून द्यावीशी वाटली. अहिल्याबाईंनी १७५४ त कुंभेरला नवरा गमावला, १७६६ त सासरे गेले, १७६७ त एकुलता मुलगा मालेराव. १७९१ त जावई गेला आणि मुक्ताबाई डोळ्यांदेखत सती गेली. तरी त्या माउलीनं राज्य चालवलं, घाट बांधले. आपलं दुःख त्यापुढं काय?

---

सियागंजी
गुरुवार, १० जुलै, रात्री

नर्मदेहर, रागावू नका. हे उदाहरण मला दहाव्याला दिलं, तेराव्याला दिलं, मालकांनी दुकानात दिलं, सोसायटीच्या अध्यक्षांनी तर पुतळ्याकडे हात करून दिलं. आमच्या गावात विमानतळ त्यांच्या नावाचा, विद्यापीठ त्यांच्या नावाचं. सुटका नाही.

पण तुम्ही मुक्ताबाई लिहिलंत, ते कुणी काढत नाही. घाट सगळे सांगतात. लेकीनंतर त्या चार वर्षंच जगल्या, १७९५ ला गेल्या, हेही कुणी सांगत नाही. मागच्या हिवाळ्यात आम्ही महेश्वरला गेलो होतो. वाड्यात सकाळी ब्राह्मण काळ्या मातीची इवली इवली शिवलिंगं पाटावर ओळीनं मांडतात. पूजा झाली की सगळी नर्मदेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. अहिल्याबाईंपासून चालत आलंय म्हणतात. हिनं तासभर तिथून हालायला नकार दिला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "हाताला काहीतरी पाहिजे असतं." घाटाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

शांतिपथ, तुम्ही वाईट मनानं लिहिलं नाहीत हे मला मान्य आहे. आमच्याकडे अश्रूंचा हिशेब तसाही फार नाही. मला रडू येत नाही, हिला येतं आणि लगेच थांबतं.

---

दांडियाबाजार_बडोदे
शुक्रवार, ११ जुलै

दादा, मी वर्षानुवर्षं इथं फक्त पाककृती वाचते, पण तुमची तारीख वाचून थांबले. २२ मार्च २०२२ म्हणजे रंगपंचमी ना? माझी नणंद इंदूरला असते, म्हणून लक्षात. दोन वर्षं कोरोनात बंद राहून त्या वर्षी तुमची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, परत निघाली होती.

आमचा मुलगा २००९ च्या उत्तरायणात गच्चीवरून पडला. नऊ वर्षांचा. चौदा जानेवारीला बडोद्यात माणूस खाली सापडत नाही. सगळं गाव गच्चीवर. आमच्याच गल्लीतल्या स्पीकरवर गाणी चालू होती, खाली काय झालंय ते वर कुणाला कळलं नव्हतं. आता मला त्यांचा राग येत नाही. तेव्हा सगळ्या गावाचा आला होता.

पहिली काही वर्षं आम्ही तेरा तारखेलाच चांदोदला निघून जायचो, नर्मदेवर. तिथंही पतंग असतातच हो. आभाळाला कुठे कुंपण आहे? मग एका वर्षी यांचा पाय मुरगळला आणि जाता आलं नाही. दार लावून बसलो. दुपारी शेजारचा पोरगा फिरकी मागायला आला, त्याची तुटली होती. त्याला कुणी काही सांगितलेलं नसणार. मी माळ्यावर चढून काढून दिली. मांजा कुजून हातात तुकडे आले, फिरकी मात्र नवीच्या नवी. संध्याकाळी त्यानं परत आणून दिली, मी म्हटलं ठेव.

तुम्ही त्या दिवशी काय करता?

---

सियागंजी
शनिवार, १२ जुलै

ताई, बरोबर ओळखलंत.

तिथीनं रंगपंचमी, फाल्गुन वद्य पंचमी. इंदूरला सुट्टी असते. आमचं घर राजवाड्यापासून पायी दहा मिनिटांवर. मुंबईहून फेब्रुवारीतच घरी आणली होती, आता घरीच ठेवा म्हणाले होते. ती सकाळी सातला गेली. दहाला गेर निघायची, रस्ते बंद, टँकरमधून पाण्याचा मारा, तोफांतून गुलाल उंच उडतो तो आमच्या गच्चीवरून दिसतो. शववाहिनीवाला फोनवर म्हणाला, "भिया, तीन बजे के पहले गाड़ी नहीं घुसेगी." म्हणून आठ तास ती घरात होती. भाऊबंद गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन अडकले. माझा मेव्हणा आला तो डोक्यापासून पायापर्यंत लाल. वाटेत कुणी सोडलं नाही त्याला, आणि कुठं चाललाय हे तो त्यांना सांगू शकला नाही. आधी मोरीत जाऊन तोंड धुतलं, मग आत आला. कानामागं रंग तसाच.

पंचकुइयाच्या स्मशानातून संध्याकाळी परतलो तर रस्ते धुऊन लख्ख. सकाळचा एक ठिपका नाही. तोवर स्वच्छतेत सलग पाच वर्षं देशात पहिलं आलेलं शहर आमचं, गेर संपली की निगमची गाड्या-माणसं तुटून पडतात, दोनचार तासांत सगळं साफ. एरवी मी पाहुण्यांना हे अभिमानानं सांगायचो.

आता त्या दिवशी आम्ही घरीच असतो. पुरण नाही, काही नाही. वर्षश्राद्ध झालं तेवढंच. पितृपक्षात शेजारच्या भाभीजी म्हणतात कुंवारा पंचमीला करा, लग्न न झालेल्यांचं तेव्हा असतं. तिची तिथीही पंचमीच, त्यामुळे वाद घालायचा प्रश्न आला नाही.

---

कोथरूडचा_भाऊ
शनिवार, १२ जुलै

आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. रोजचं कसं चालतं, सियागंजी?

---

सियागंजी
रविवार, १३ जुलै

चालतं. एक दिवसाआड नर्मदेचं पाणी येतं, ते भरायचं. कचऱ्याची गाडी येते, ओला वेगळा, सुका वेगळा. पोहे होतात. नऊला दुकान. दुकानात मी अगदी बरा असतो. आकड्यांच्या मधे कुणी येत नाही.

त्रास रात्री साडेनवाला. मेंटेनन्सच्या, म्हणजे केमोच्या शेवटच्या लांब टप्प्याच्या, काळात तिची एक गोळी असायची, रात्री, जेवण होऊन दोन तासांनी. सोमवार ते शुक्रवार एक, शनिवार-रविवारी दीड. ती अर्धी करायचं काम माझं. ब्लेडनं, कागदावर धरून, भुगा सांडू न देता. दर शनिवारी एक अर्धी उरायची, ती रविवारी चालायची. शेवटचा असा शनिवार ऑक्टोबर २०२१ मधला. रविवारी ताप आला, रक्ताचे काउंट केले, दुखणं परत आलं होतं. म्हणून एक अर्धी राहिली. हिच्या हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत आहे. धाकट्याच्या हाताला लागू नये म्हणून डबी वर ठेवली आहे, एवढंच. बाकी तिचं मी काही करत नाही.

मालक दिवाळीला लाल चोपडी देतात, लक्ष्मीपूजनाची. २०१९ ची मी दुकानात न वापरता तिच्या काउंटसाठी घेतली. तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एएनसी, शेरा. पहिल्या टाळेबंदीत दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत अडकलो होतो तेव्हाच्याही नोंदी आहेत. तिथल्या बाकीच्या बापांनी बघून वह्या केल्या. सकाळी नळावर एकमेकांना विचारायचो, काउंट किती? नाव-गाव नंतर. त्यातल्या दोघांचे अजून दिवाळीला फोन येतात. एकाचा मुलगा आठवीत आहे, तो फोन मी बाहेर जाऊन घेतो.

चोपडीत शेवटची नोंद १९ मार्चची. खाली रेघ मारून शिल्लक ओढायची असते. मारलेली नाही.

हिचं वेगळं. ती बोलते, शेजारी जाते, हसते. तिनं खजराण्याला गणपतीच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढलं होतं. काम झालं की सुलटं काढायला जायचं असतं. आता कुणी खजराण्याला निघालं की ती प्रसादाचे पैसे देते, स्वतः जात नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणते, गुडघे.

---

ग्वाल्हेरची_आजी
सोमवार, १४ जुलै

नातू लिहून देतो आहे, मी सांगते आहे. त्याला म्हटलं एक शब्द बदलू नको.

बाळा, माझं मूल १९८१ त गेलं. पाच महिन्यांचं. न्युमोनिया. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहायचो, जुना वाडा होता. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. दीर आणि दोन शेजारी दुपट्यात घेऊन गेले. बायकांनी जायचं नव्हतं. कुठे ठेवलं ते मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "विचारू नये, परत वळून बघतं." दीर गेले २००४ त, ते दोघेही गेले. आता ग्वाल्हेरात ती जागा ठाऊक असणारं कुणी नाही.

फोटो काढला नव्हता. बारसं झालं होतं, नाव होतं. कुठे कागदावर नाही. मी मेले की संपलं.

तुझ्याजवळ नऊ आकडे आहेत. मला वाटतं काढायची घाई करू नको. सरकारचं काय अडतंय?

आणि ळ चं म्हणशील तर माझ्या माहेरच्या आडनावातही आहे. चव्वेचाळीस वर्षं बँकेत सही वेगळी आणि नाव वेगळं. चालतं.

---

राजेंद्रनगरवाली
सोमवार, १४ जुलै

आजी, नाव सांगाल बाळाचं? इथं तरी कुठेतरी लिहिलेलं राहील.

---

ग्वाल्हेरची_आजी
सोमवार, १४ जुलै

माधव.

---

मिसळ_बिनपावाची
सोमवार, १४ जुलै

🙏

---

दांडियाबाजार_बडोदे
मंगळवार, १५ जुलै

अवांतर आहे, पण सियागंजी, बकुळला खायला काय आवडायचं? माझ्याकडे प्रत्येकाचं हेच लक्षात राहतं.

---

सियागंजी
सोमवार, २१ जुलै २०२५

उशीर झाला. आठवडाभर दुकानात रिटर्नची गडबड होती.

आधी समग्र. गेल्या बुधवारी सगळे कागद काढले. हिला सांगितलं नव्हतं, पण कपाटाची किल्ली तिच्याकडे, त्यामुळे सांगावंच लागलं. मृत्यूचा दाखला बाहेर काढला. तीन वर्षांत पहिल्यांदाच नीट वाचला. त्यावरही 'बकुल'. राजेंद्रनगरवाली ताई, तुमची अट पूर्ण होत होती. दोन्हीकडे चूक सारखीच, म्हणून नाव जुळत होतं. आमच्या धंद्यात ही सगळ्यात वाईट चूक. एकच आकडा दोन्ही बाजूंना चुकीचा पडला की तेरीज बरोबर जुळते आणि ती चूक जन्मात सापडत नाही.

हिनं दोन्ही कागद शेजारी ठेवले, बघितले, आणि विचारलं, "शाळेला नक्की काय पाहिजे?" हा प्रश्न मी शाळेत विचारलाच नव्हता. गुरुवारी ती गेली. तिथले बाबू म्हणाले, "लड़के का हो गया ना? बस, इतना ही चाहिए." पाच मिनिटांत काम झालं.

झोनला गेलो नाही. अर्ज लिहिलेला आहे, फाइलमध्ये आहे. आजी, तुमचं हिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण रात्री समग्रचा चौघांचा प्रिंट तिनं माझ्या हातातून घेतला आणि चोपडीत १९ मार्चच्या पानावर ठेवला. चूक माहीत असून पान उलटायची माझी ही पहिली वेळ. दुकानात असतो तर झोप लागली नसती.

धाकट्यालाही सांगितलं की त्या पोराला मी खोटं बोललो, आणि का ते मलाच माहीत नाही. तो म्हणाला, "मग आपण त्या दुकानात नको जायला. दुसरं आहे कोपऱ्यावर."

बडोद्याच्या ताई, गराडू, म्हणजे एक कंद. रात्रीच्या सराफा बाजारात थंडीत मिळतात, तळून वर मसाला आणि लिंबू. केमो चालू असताना बाहेरचं बंद, तोंडात फोड, तिखट तर नाहीच. २०२१ च्या जानेवारीत काउंट छान होते तेव्हा हिनं घरीच कंद आणून तळले. बकुळनं एक खाल्ला आणि म्हणाली, "हे गराडू नाहीत, हे बटाटे आहेत." वाद घालून घालून दमली, आणि सगळे संपवले.